पाच मुलं, पाच घरं, अठरा माणसं: करोना महामारीतल्या एका खेळगटाचं प्रकरण

जानेवारी २०२१. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू झाले होते, पाचवी ते आठवीसाठी २७ जानेवारीची तारीख ठरत होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र कुठलीच तारीख नव्हती. अंगणवाडीतून घरपोच शिधा येत होता, पण मुलं अंगणवाडीत बसत नव्हती. नर्सऱ्या मोबाइलवर भरत होत्या. कारखाने, बँका आणि दवाखाने मात्र पूर्ण चालू होते, आणि तिथे काम करणाऱ्यांची मुलं घरी होती.

हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेलं आहे. पुण्यातल्या फ्लॅट-सोसायट्यांमध्ये त्या काळात चार-पाच घरांनी मिळून मुलं सांभाळण्याच्या ज्या जुळण्या केल्या, त्यांची रचना इथे एका गटात बसवली आहे. घरं, माणसं, रकमा आणि गटातले प्रसंग नमुन्याचे आहेत. सरकारी तारखा, दर आणि वैद्यकीय निकष खरे आहेत.

कोण कोण होतं

कोथरूड भागातली एक सोसायटी, चार घरं. पहिल्या घरात आई-वडील दोघंही संगणकावर घरून काम करणारे, मुलगी चार वर्षांची, आणि ६८ वर्षांच्या आजी, मधुमेह असलेल्या. दुसऱ्या घरात आई खासगी रुग्णालयात परिचारिका, वडील बँकेत, मुलगा साडेतीन वर्षांचा. तिसऱ्या घरात वडील कंपनीच्या बसने चाकणला जाणारे, आई घरून काम करणारी, आणि दोन मुलं, एक पाच वर्षांचं, एक तीन. चौथ्या घरात एकटी आई, ऑनलाइन शिकवणारी शिक्षिका, सोबत तिचे वडील आणि चार वर्षांची मुलगी.

मुलं सांभाळायला ४७ वर्षांच्या एक ताई. आधी बालवाडीत मदतनीस होत्या, बालवाडी बंद पडली तसा पगारही थांबला. त्यांच्या घरी रिक्षा चालवणारे यजमान आणि दोन मुलगे.

बहुतेक जुळण्यांची पहिली चूक इथेच होते. पालक म्हणतात, "आमचा पाच मुलांचा गट आहे." हिशेब तसा होत नाही. चार घरांतली नऊ मोठी माणसं, पाच मुलं आणि ताईंच्या घरचे चौघं, असे अठरा जण एकमेकांच्या श्वासाला बांधले जातात. एकाच्या घरचं लग्न, दुसऱ्याच्या ऑफिसातलं जेवण, तिसऱ्याची रिक्षा, सगळं त्या हॉलपर्यंत येऊन पोचतं. म्हणून या गटाने पहिल्या बैठकीत मुलांच्या वेळापत्रकाआधी अठरा नावांचा तक्ता केला. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: बाहेर कुठे जातो, आणि तिथे मास्क नेमका कधी काढतो.

दुसरा रकाना फार उपयोगाचा ठरला. सुरुवातीला सगळ्यांची भीती परिचारिका आईबद्दल होती, आणि त्या घराला बाहेर ठेवायचीही सूचना आली. तक्ता भरल्यावर चित्र बदललं. ती वॉर्डात आठ तास एन-९५ घालून असते, तिचा मास्क निघतो तो चहाच्या सुट्टीत. ती सुट्टी तिने एकटीने गच्चीवर घ्यायचं ठरवलं. चाकणला जाणारे वडील रोज बंद काचांच्या बसमधून दोन वेळा प्रवास करतात आणि कँटीनमध्ये समोरासमोर बसून जेवतात. खरी भोकं तिथे होती. त्यांनी डबा घेऊन बाहेरच्या बाकावर जेवायला सुरुवात केली, बसमध्ये कापडी मास्क सोडून एन-९५ वापरला, खिडकीची जागा धरून काच चार बोटं उघडी ठेवली. शिवाय आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झालं, त्यामुळे अठरा जणांत पहिली लस परिचारिका आईलाच मिळाली. पेशा पाहून घर वगळणं सोपं असतं, पण ज्या घराला मदतीची सर्वांत जास्त गरज असते तेच त्यात वगळलं जातं.

आजींचा प्रश्न वेगळा. नातीने घरी येऊन कपडे बदलले, आंघोळ केली, याने श्वासातून होणारा संसर्ग थांबत नाही. त्या घराने दोन गोष्टी केल्या: आजींची खोली आणि झोपणं वेगळं, आणि "शहरातले आकडे चढू लागले की आम्ही सर्वांत आधी बाहेर" हे पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. कोण कधी बाहेर पडणार हे आधी बोललं गेलं असलं की ऐन वेळी कुणाला राग येत नाही.

जागा

घरं आळीपाळीने घ्यावीत, म्हणजे एकावर भार नको, असा विचार सगळीकडे होतो. तो टाळावा. दर आठवड्याला घर बदललं की तीन वर्षांचं मूल दर सोमवारी नव्याने रडतं, हवेची व्यवस्था चार ठिकाणी करावी लागते, आणि आजींच्या घरातही पाळी येते. या गटाने तिसरं घर कायम ठेवलं. पहिला मजला, त्यामुळे लिफ्ट नको; दोन बाजूंना खिडक्या, लागून टेरेस, सगळीकडे ग्रिल. उघड्या खिडकीवर इतका भर द्यायचा तर ग्रिलशिवाय ते घर बादच.

हॉल १० बाय १६ फूट, उंची साडेनऊ. म्हणजे १,५२० घनफूट, सुमारे ४३ घनमीटर. खिडकीच्या वरच्या झरोक्यात एक्झॉस्ट पंखा बसवला, खोक्यावर ताशी ५०० घनमीटर लिहिलेला. कागदावर तासाला साडेअकरा वेळा हवा बदलेल असं दिसतं. जाळी, धूळ आणि वाऱ्याचा उलटा दाब धरून निम्मं समजावं, म्हणजे पाच-सहा वेळा. तेवढंही पुरेसं चांगलं. छताचा पंखा आहे तीच हवा ढवळतो, आणि स्प्लिट एसी आहे तीच हवा थंड करतो. दोन्हींपैकी एकही बाहेरची हवा आत आणत नाही.

पंखा बसवून काम संपत नाही, हे उदबत्ती लावल्यावर कळतं. उदबत्ती पेटवून खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात, मुलं बसतात त्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दोन फुटांवर धरायची आणि धूर कुठे जातो ते पाहायचं. इथे पंख्याशेजारची खिडकी उघडी होती. त्या खिडकीजवळ धूर सुसाट पंख्याकडे जात होता, आणि सतरंजीच्या कोपऱ्यात, जिथे पाच मुलं बसणार होती, तो सरळ वर चढून तिथेच रेंगाळत होता. पंखा शेजारच्याच खिडकीतून हवा ओढून बाहेर फेकत होता. बाकीची खोली जशीच्या तशी. जवळची खिडकी बंद केली, समोरच्या भिंतीची उघडली, आणि सतरंजीवरचा धूर आडवा होऊन पंख्याकडे सरकू लागला. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. खिडक्यांच्या डासांच्या जाळ्या काढून धुतल्यावर ओढ आणखी वाढली.

रोजच्या पाहणीसाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर घेतला. त्यात एनडीआयआर सेन्सर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा, आहे ना, हे पाहूनच घ्यावा. स्वस्त मीटर पुष्कळदा भलत्याच वायूंवरून अंदाज बांधतात. मीटरला विषाणू दिसत नाही, खोलीत इतरांनी सोडलेला श्वास किती साठला आहे ते तो सांगतो. बाहेर तो तेव्हा ४०० ते ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवायचा. आत सहा जण आणि पंखा चालू असताना सातशेच्या आसपास राहायचा. पावसाची तिरपी सर आली म्हणून खिडक्या लावल्या की अर्ध्या तासात हजार ओलांडायचा. नियम असा ठेवला: ८०० पर्यंत ठीक, ८०० च्या वर गेला की आणखी एक खिडकी, १,००० ला सगळे टेरेसवर. ताईंना आकड्यांचा अर्थ समजावून द्यायला पाच मिनिटं लागली, आणि पुढे मुलंच "ताई, आठ आलं" म्हणून ओरडू लागली.

टेरेसवर जितका वेळ जाईल तितका बरा. गाणी, ओरडाआरडा, पळापळ हे सगळं बाहेर, कारण मोठ्या आवाजात श्वासाचे कण जास्त उडतात. चित्रं, ठोकळे, मणी ओवणं आत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली, त्याची कारणं वेगळी होती. पण शिकायला चार भिंती लागत नाहीत हे महाराष्ट्राला त्यांनी फार आधी दाखवून ठेवलं आहे. पिंप, मोजायचे पेले, वाळूची पाटी आणि ओला खडू एवढ्यावर तीन वर्षांचं मूल पाऊण तास रमतं.

मास्क, हात, खेळणी

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं की पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्कची सक्ती नको. या वयाच्या मुलांना सहा फूट अंतरावर बसवणंही जमत नाही. ते जमेल असं धरून आखलेली योजना पहिल्याच तासाला कोलमडते, आणि दिवसभर "लांब हो, लांब हो" ऐकून मुलं बिथरतात. या गटाने ठरवलं की पाच मुलं एकमेकांना चिकटणारच; संरक्षण हवेतून, मोठ्यांच्या मास्कमधून आणि आजारी मुलाला घरी ठेवण्यातून मिळवायचं. ताई आत असताना एन-९५ घालत. तिसऱ्या घरातली आई हॉलमध्ये आली तर तीही. ताईंचा चहा-डबा टेरेसच्या दुसऱ्या टोकाला, मुलांच्या जेवणाच्या वेळी नाही.

मास्कमधला चेहरा लहान मुलांना घाबरवतो. सुरू होण्याआधीच्या आठवड्यात ताईंनी प्रत्येक मुलाशी व्हिडिओ कॉलवर मास्कविना दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि त्यांचा हसरा फोटो दारावर लावला. पहिले दोन दिवस दोनच मुलं आली, तिसऱ्या दिवशी तिसरं, पुढच्या आठवड्यात पाच. पालकांनी निरोप जिन्यातच घ्यायचा. दारात रेंगाळलेली आई मुलाचं रडणं वाढवते आणि सोबत एक जास्तीचं माणूस आत आणते.

हात साबणाने धुवायचे: आल्यावर, खाण्याआधी, शीनंतर, नाक पुसल्यावर, निघताना. बेसिनपाशी स्टूल, आणि हात चोळताना एक ते वीस मोठ्याने म्हणायचं. दोन महिन्यांत पाचही मुलांना वीसपर्यंत आकडे पाठ झाले, हा फायदा वेगळाच. सॅनिटायझरची बाटली मुलांच्या हाताला लागेल तिथे ठेवायची नाही. त्यातलं अल्कोहोल लहान पोटात गेलं तर थोड्या प्रमाणातही घातक, आणि निकृष्ट मालात मिथेनॉल असू शकतं.

फवारणीवर मात्र बहुतेकांनी फार वेळ आणि पैसा घालवला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पृष्ठभागाला हात लावून संसर्ग होण्याची शक्यता दर स्पर्शाला दहा हजारांत एकाहून कमी मांडली. ठोकळे दिवसाच्या शेवटी साबणाच्या पाण्यात घातले की पुरे. कणीक आणि खडू प्रत्येकाचे आपापल्या पिशवीतले, कणीक रोज ताजी. एक टक्का हायपोक्लोराइटचं पाणी फक्त उलटी-जुलाब पुसायला, मुलं टेरेसवर असताना: बाटलीतलं द्रावण पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी. ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो.

वेळ सकाळी पावणेनऊ ते सव्वा एक. दुपारची झोप घरी. झोपेसाठी खोलीत अंधार आणि दारं बंद लागतात, म्हणजे जी हवा मोठ्या खटपटीने चालू ठेवली तीच बंद करायची. पूर्ण दिवस हवा असलेल्या पालकांना हे गैरसोयीचं होतं. दुसऱ्या घराने दुपारची सोय दोघांच्या पाळ्या बदलून केली.

एका ताईला पाच मुलं हे प्रमाण चालतं, पण एक मूल संडासला गेलं की चार मुलं एकटी पडतात. म्हणून तिसऱ्या घरातल्या आईने पावणेनऊ ते सव्वा एक हाकेच्या अंतरावर असणं आणि शेजारच्या खोलीचं दार उघडं ठेवणं हे कामाचा भाग म्हणून लिहून घेतलं. या वेळात प्लंबर, कुरिअर, पाहुणे कुणी आत येणार नाहीत. प्रत्येक मुलाच्या नावाने एक पान: ॲलर्जी, वजन, बालरोगतज्ज्ञाचा फोन, न्यायला येऊ शकणाऱ्या दोघांची नावं, आणि तातडीच्या वेळी दवाखान्यात नेण्याची सही केलेली संमती. सोसायटीच्या सचिवांना ताईंचं नाव, येण्या-जाण्याची वेळ आणि मुलांची संख्या लेखी कळवली. गेटवरचे निम्मे वाद त्यानेच टळले.

पैसे

महिन्याचा खर्च असा: ताईंचा पगार १६,०००, साबण-मास्क-साहित्य १,५००, यजमान घराला वीज-पाण्याचे ५००, राखीव निधी २,०००. एकूण २०,०००. वाटणीवरून लगेच खटका उडाला. दोन मुलांच्या घराचं म्हणणं, घर आम्ही देतो तर दुप्पट का; बाकीच्यांचं म्हणणं, ताई तर दोघांना सांभाळतात. तोडगा असा: निम्मी रक्कम घरांवर, निम्मी मुलांवर. १०,००० भागिले चार, म्हणजे घरटी २,५००; १०,००० भागिले पाच, म्हणजे मुलामागे २,०००. एका मुलाचं घर ४,५०० देतं, दोन मुलांचं ६,५००. शिवाय प्रत्येक घराची ५,००० अनामत, म्हणजे निधीत सुरुवातीलाच २०,०००.

कराराचं पान एकच होतं, पण त्यातलं एक कलम इतर सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं: गट कुठल्याही कारणाने थांबला तर ताईंना पहिले पंधरा दिवस पूर्ण पगार, त्यानंतर अर्धा, आणि ताईंनी किंवा त्यांच्या घरच्यांनी लक्षण कळवलं म्हणून एक रुपयाही कापला जाणार नाही. याला कुणी उदारपणा समजू नये. रोजंदारी बुडेल या भीतीने माणूस घशातली खवखव लपवतो, आणि मग एन-९५, मीटर आणि पंखा सगळं वाया जातं. पगाराची हमी हा त्या हॉलमधला सर्वांत स्वस्त संसर्ग-प्रतिबंध होता.

हे कलम अर्ध्यावर कापल्याची किंमत पुढे मोजावी लागली.

फेब्रुवारी: ताप आणि पॅरासिटामॉल

चालू गटात पहिला पेच शेंबडाचा येतो. या वयाच्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात. प्रत्येक शेंबडाला गट बंद केला तर तो चालणारच नाही. नियम दोन पायऱ्यांचा होता. नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, घरात सगळे ठणठणीत आणि कुणी बाधिताच्या संपर्कात नाही, तर ते मूल दोन दिवस घरी, बाकी गट चालू. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, नवा खोकला, जुलाब, किंवा घरातल्या कुठल्याही मोठ्याला लक्षण, तर ते पूर्ण घर बाहेर आणि तपासणी.

एका सोमवारी साडेतीन वर्षांचा मुलगा सकाळी नेहमीसारखा आला, साडेअकराला टेरेसच्या कोपऱ्यात बसून राहिला, बाराला अंग तापलं, १०१. रात्री कणकण होती म्हणून सकाळी पावणेआठला औषध दिलं होतं आणि उतरल्यावर पाठवलं. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. सकाळी पावणेआठच्या डोसचा असर दुपारी बाराच्या सुमारास ओसरू लागतो. यात पालकांचा कावा नसतो, दोघांनाही रजा मिळत नसते. तपासणीत करोना निघाला नाही. पण नियमात एक ओळ वाढली: औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच यायचं. आणि व्यवस्थेत दुसरी: महिन्यातून दोन दिवस प्रत्येक मोठ्या माणसाने "आज मी घरी थांबू शकतो" असे आधीच कळवून ठेवायचे. दुसरी ओळ नसती तर पहिली कुणी पाळली नसती.

रविवारी रात्रीच्या संदेशाचंही तसंच. "सगळे ठीक ना?" याला नेहमी अंगठाच येतो. त्याऐवजी तीन ठरावीक प्रश्न केले. घरातल्या कुणाला गेल्या तीन दिवसांत ताप, खोकला, घसा, वास-चव? शनिवार-रविवारी घराबाहेरच्या कुणासोबत बंद जागेत मास्क काढून जेवलात? पुढच्या आठवड्यात लग्न, बारसं, प्रवास? लग्नाला त्या वेळी माणसांची मर्यादा होती, पण पंगत लहान असली तरी मास्क घालून जेवत नाही. लग्नाला जाणाऱ्या घराने आठवडाभर बाहेर राहायचं आणि पाचव्या दिवसानंतर तपासणी करायची. "जाऊ नका" असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. मनाई केली की माणसं जातात आणि सांगत नाहीत.

दुसरी लाट

मार्चमध्ये पुण्यातले आकडे चढू लागले तसं पहिलं घर ठरल्याप्रमाणे आधी बाहेर पडलं. ५ एप्रिलला, राज्याचे 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागू झाले त्या सोमवारी, गट थांबला. १४ एप्रिलच्या रात्रीपासून निर्बंध आणखी कडक झाले.

ताईंना १ एप्रिलपासून, ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्यावर, ३ तारखेला पहिला डोस मिळाला. तेव्हाच्या हिशेबाने दुसरा सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे मेअखेर. १३ मे रोजी केंद्राने कोव्हिशील्डमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं आणि दुसरा डोस थेट २६ जूनवर गेला. त्यावर चौदा दिवस धरले तर १० जुलै. एका डोसवर जूनमध्येच सुरू करावं असा दोन घरांचा आग्रह होता. करोनाच्या तेव्हाच्या डेल्टा या प्रकारापुढे एक डोस फारसा पुरत नाही हे परिचारिका आईने समजावलं आणि सोमवार १२ जुलै ही तारीख पक्की झाली.

आता पैशांची गोष्ट. एप्रिलचा पूर्ण पगार नेहमीच्या वर्गणीतून गेला. मे आणि जून अर्धा, दरमहा ८,०००, निधीतून. निधीत अनामतीचे २०,००० आणि चार महिन्यांचे ८,०००, मिळून २८,००० होते. दोन महिन्यांत १६,००० गेले, १२,००० पडून राहिले. आठ हजारांत ताईंचं घर चालणं शक्य नव्हतं, रिक्षाही उभी होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एका घरी आजारी वृद्धाच्या सेवेचं काम धरलं, जे त्या काळातलं सर्वांत जोखमीचं काम. दोन्ही महिने पूर्ण पगार दिला असता तर ३२,००० लागले असते, निधीपेक्षा ४,००० जास्त. म्हणजे घरटी फक्त १,०००. तेवढ्यासाठी ज्या माणसाच्या सुरक्षिततेवर अख्खा गट उभा होता तिला रुग्णाच्या उशाशी पाठवलं गेलं. जुलैत कलम बदललं: निधी संपेपर्यंत पूर्ण पगार, आणि निधी निम्म्यावर आला की सगळ्यांनी बसून भर घालायची.

ऑगस्ट

एका गुरुवारी सकाळी सात वाजता तिसऱ्या घरातून संदेश आला: वडिलांचा घसा रात्रीपासून दुखतोय, आज नको. लक्षण आधी कळवायचं, निदान नंतर, एवढंच त्या नियमाचं शब्दांकन होतं, आणि ते पाळलं गेलं. शुक्रवारी आरटी-पीसीआर, शनिवारी पॉझिटिव्ह. ३१ मार्चपासून राज्याने प्रयोगशाळेच्या केंद्रावरच्या चाचणीचा दर ५०० रुपये केला होता, त्यामुळे तपासणीवरून घासाघीस झाली नाही.

लक्षणांच्या दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो, म्हणजे मंगळवार आणि बुधवार हे मोजायचे दिवस. मंगळवारी आणि बुधवारी मुलं त्याच हॉलमध्ये होती, वडील रात्री तिथेच बसत. सगळ्यांनी बुधवार हा शेवटचा संपर्क धरून चौदा दिवस घरी थांबायचं ठरवलं. पाचव्या दिवसानंतरच्या तपासणीत तिसऱ्या घरातलं पाच वर्षांचं मूल पॉझिटिव्ह निघालं, लक्षण एकही नाही; बाकी चार मुलं आणि ताई निगेटिव्ह. खिडक्यांनी वाचवलं की नशिबाने, हे एका प्रसंगावरून सांगता येत नाही. गुरुवारचा दिवस मात्र त्या सात वाजताच्या संदेशाने नक्की वाचला.

उघडं पडलं ते वेगळंच: यजमान घर बाधित झालं की जागाही जाते. वडिलांच्या विलगीकरणाचे दहा दिवस, मुलाचे नमुना घेतल्यापासून दहा, आईचे संपर्काचे चौदा, असं करत ते घर तीन आठवडे बंद राहिलं, बाकीची घरं दोन आठवड्यांत मोकळी झाली. पर्यायी जागा आधी ठरलेली नव्हती. शेवटी चौथ्या घराच्या पार्किंगमधल्या छपराखाली सतरंजी टाकून आठवडा काढला, रोज दोन तास, गाड्या बाहेर लावून. ही जागा, तिची चावी आणि जवळचं स्वच्छतागृह पहिल्या बैठकीतच लिहून ठेवायला हवं होतं.

शेवट कसा करायचा

२४ जानेवारी २०२२ पासून राज्याने पूर्वप्राथमिकसह शाळा उघडायला परवानगी दिली, स्थानिक प्रशासनाच्या निर्णयावर सोपवून. पाच वर्षांचं मूल सहाचं झालं होतं, त्याची पहिली येणार होती. बाकीचे जूनमध्ये शाळेत. गटाने मार्चअखेर बंद करायचं जानेवारीतच ठरवलं आणि ताईंना दोन महिन्यांची सूचना दिली. ऐन शेवटच्या आठवड्यात सांगितलं असतं तर बालवाड्यांच्या नव्या भरतीची वेळ त्यांच्या हातून गेली असती.

अनामत परत, निधीत उरलेले पैसे ताईंना. मीटर त्यांनी मागून घेतला. चारही घरांच्या सहीचं अनुभवपत्र दिलं, त्यात "घरकाम" न लिहिता कामाचं नेमकं वर्णन: तीन ते सहा वयोगटातली पाच मुलं, कालावधी, रोजच्या वेळा, घेतलेले उपक्रम, आजारपणाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी. खाली चारही घरांचे फोन नंबर, विचारणा करणाऱ्यासाठी.